पुण्यात भाड्याचं घर घेताना: खर्च किती, खबरदारी कोणती?

नोकरीचं पत्र हातात पडतं आणि पंधरा-वीस दिवसांत हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यात रुजू व्हायचं असतं. लातूर, नांदेड, अकोल्याहून आलेली मुलं-मुली या घाईत पहिलं बरं दिसलेलं घर पक्कं करतात. पैशांची ओढाताण आणि असुरक्षित घर, या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा याच घाईत असतं. शक्य असेल तर पहिला महिना पीजीत किंवा नातेवाइकांकडे काढा आणि तिथून निवांतपणे घर शोधा. त्या महिन्याचा खर्च वाया जात नाही.

आधी हिशोब मांडा

जाहिरातीत फक्त भाडं दिसतं. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात त्याच्या कितीतरी पट रक्कम हाताशी लागते. उदाहरणादाखल महिना 20,000 रुपये भाड्याचा फ्लॅट आणि 11 महिन्यांचा करार धरू:

- पहिल्या महिन्याचं भाडं: 20,000 रुपये
- डिपॉझिट, तीन महिन्यांचं धरून: 60,000 रुपये
- ब्रोकरची दलाली, एका महिन्याचं भाडं धरून: 20,000 रुपये
- मुद्रांक शुल्क: सुमारे 600 रुपये
- शहरी हद्दीत नोंदणी शुल्क: 1,000 रुपये

बेरीज होते 1,01,600 रुपये. दस्त हाताळणी शुल्क, घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी, टेम्पोभाडं, गादी, गॅस आणि वायफाय हे सगळं त्यावर. म्हणजे भाड्याच्या किमान पाचपट रक्कम तयार ठेवूनच घर शोधायला निघा.

डिपॉझिट आणि दलाली दोन्ही बोलणीवर ठरतात. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट सुचवलं आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही, पण घासाघीस करताना त्याचा दाखला जरूर द्या. ब्रोकरला एक प्रश्न आधीच विचारा: 11 महिन्यांनी करार वाढवला तर पुन्हा दलाली द्यावी लागेल का?

मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, तेही आधीच स्पष्ट करून घ्या. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा सरकारी नियम आहे आणि हा भार मुळात मालकाचा आहे.

करार नोंदवलेलाच हवा

'अकराच महिन्यांचा करार आहे, नोटरी केली की झालं,' असं सर्रास सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मुद्रांक शुल्क निघतं ते असं: संपूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेलं व्याज, या सगळ्याच्या बेरजेवर 0.25 टक्के. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि बोटांचे ठसे लागतात. हा खर्च मालक आणि भाडेकरू अनेकदा निम्मा-निम्मा वाटून घेतात. साठ हजारांचं डिपॉझिट सुरक्षित ठेवणारा हा कागद दोन-तीन हजारांत होतो. इथे काटकसर करू नका.

सही करण्यापूर्वी चार कलमं शांतपणे वाचा: लॉक-इन किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट घर सोडल्यावर कधी परत मिळणार आणि रंगकामाच्या नावाखाली किती कापणार. तोंडी दिलेला शब्द शेवटच्या दिवशी उपयोगी पडत नाही. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणार असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर मालकाचा पॅनही लागेल.

मालक खरा आहे ना?

ताजं वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा सूची-2 मागा आणि त्यावरचं नाव मालकाच्या ओळखपत्राशी जुळवा. मालक परदेशात असेल तर सही करणाऱ्याचं कुलमुखत्यारपत्र पाहा. घर न दाखवता 'गेट पाससाठी' किंवा 'बुकिंगसाठी' पैसे मागणारा, आपण सैन्यात आहोत असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा, हे फसवणुकीचे ठरलेले प्रकार आहेत. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार करा.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवली आहे ना, याची खात्री करा आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

घर दोनदा पाहा

एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊनंतर. रात्री बसथांब्यापासून किंवा मेट्रो स्थानकापासून इमारतीपर्यंत चालत जा. दिवे लागतात का, दुकानं उघडी असतात का, वॉचमन जागेवर असतो का, हे त्या दहा मिनिटांत कळतं. वॉचमनला आणि शेजारच्या एखाद्या काकूंना पाणी कधी येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण भरतं, हे विचारा. वाघोली, बावधन, बाणेरच्या बाजूला हा प्रश्न हमखास विचारावा.

आत गेल्यावर थेट बाथरूम पाहा. गॅस गिझर बाथरूमच्या आतच बसवलेला असेल आणि खिडकी बंद किंवा प्लास्टिकने झाकलेली असेल, तर ते घर घेऊ नका, किंवा गिझर बदलून द्यायला सांगा. अशा कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. अशा घटनांत माणसं दगावली आहेत.

मग विजेच्या बोर्डाकडे या. गळती रोखणाऱ्या स्विचवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. मालकासमोर ते दाबा. स्विच खटकन पडला तर तो काम करतोय; पडला नाही किंवा असा स्विचच नसला, तर राहायला येण्याआधी बसवून घ्या.

मुख्य दाराची कडी आणि लॅच, खिडक्यांचे ग्रिल, डक्टमधून आत शिरायला वाट आहे का, जिन्यात अडगळ आहे का, हेही तपासा. उंच इमारत असेल तर अग्निसुरक्षेचा 'बी' नमुन्यातला दाखला सोसायटीकडे विचारा. 2006 च्या राज्य कायद्यानुसार तो दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो.

चावी मिळाली की आधीच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत, हे न विचारता कुलूप बदला. भिंती, नळ, पंखे आणि मीटरचं रीडिंग यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. संकटात 112 हा क्रमांक चालतो, तो घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

आणि एक गोष्ट ठाम ठेवा: मालक करार नोंदवायला तयार नसेल, तर घर कितीही स्वस्त आणि ऑफिसच्या कितीही जवळ असो, ते सोडून पुढचं पाहा.