मैदान कुणाचे, संघ कुणाचा?

आम्हां कोल्हापूरकरांच्या लेखी फुटबॉलचा संघ म्हणजे तालमीचा संघ. तो हरला की सारी पेठ हिरमुसते. एखाद्या व्यापाऱ्याने पैसे घालून संघ उभा करावा, ही कल्पनाच मला पूर्वी खटकत असे. इंग्लंडमधील लिव्हरपूल संघाच्या जन्माची हकीकत वाचनात आली, आणि हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही हे ध्यानात आले.

जॉन होल्डिंग हा लिव्हरपूल शहरातील बिअरचा कारखानदार. एव्हर्टन क्लबचा तो अध्यक्ष होता. 1884 मध्ये हा क्लब अ‍ॅनफील्डच्या मैदानावर आला, तो त्याच्याच खटपटीमुळे. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये खेळाडूंना वेतन देण्यास अधिकृत मान्यता मिळाली. वेतन आले म्हणजे तिकिटे आली, आणि तिकिटे आली म्हणजे मैदानाची किंमत वाढली. 1888 मध्ये एव्हर्टन फुटबॉल लीगचा संस्थापक सभासद झाला. 1891 मध्ये विजेताही ठरला.

यशाबरोबर भांडणही आले. मैदानाचे वार्षिक भाडे काही वर्षांतच 100 पौंडांवरून 250 पौंडांवर गेले. मैदानावर खाद्यपेये विकण्याचा हक्कही होल्डिंगकडेच होता. खेळाडू कपडे बदलीत तेही त्याच्याच सँडन हॉटेलात! क्लबचा उगम मेथॉडिस्ट चर्चच्या संघात झाला होता. त्यामुळे मद्यव्यवसायाशी असलेली ही जवळीक काही सभासदांना रुचत नव्हती. अखेर 1892 मध्ये सभासदांनी होल्डिंगची साथ सोडली आणि गुडिसन पार्क हे नवे मैदान उभारले.

होल्डिंगजवळ मैदान उरले, पण संघ उरला नाही. ‘एव्हर्टन’ हे नावही त्याला मिळू शकले नाही. तेव्हा त्याने ‘लिव्हरपूल’ या नावाने नवा क्लब काढला. जॉन मॅकेना या सहकाऱ्याने मुख्यतः स्कॉटलंडमधून खेळाडू आणले. 1 सप्टेंबर 1892 रोजी पहिल्याच सामन्यात या संघाने रॉदरहॅम टाउनला 7–1 असे हरविले. 1893 मध्ये त्याला लीगच्या दुसऱ्या विभागात प्रवेश मिळाला आणि 1901 मध्ये त्याने लीगचे विजेतेपद पटकाविले. पुढच्याच वर्षी होल्डिंगचे निधन झाले.

होल्डिंगला निव्वळ नफेखोर म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. रिकाम्या मैदानासाठी नवा संघ उभा करण्याची धडाडी त्याच्यापाशी होती. परंतु त्याला निव्वळ दाताही म्हणता येणार नाही. रिकामे मैदान हा त्याचा तोटाच होता. शिवाय पैसा आणि जागा हाती असूनही जुना संघ त्याला राखता आला नाही, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. भांडवलाने संघ जन्माला येतो. तो टिकतो मात्र त्याला ‘आपला’ म्हणणाऱ्या माणसांमुळे. आमच्या पेठांना हे कुणी शिकवावे लागले नाही. मात्र, पेठेजवळ स्वतःचे मैदान नसले तर काय होते, हे एव्हर्टनकडून शिकण्याजोगे आहे.