तडकलेला दात : ओळख व तातडीचे उपचार

भात खाताना दाताखाली खडा येणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट होय. कचकन आवाज होतो, क्षणभर कळ येते, आपण खडा काढून टाकतो आणि पुढचा घास घेतो. बहुतेक वेळा प्रकरण तेथेच संपते. परंतु कधीकधी त्याच क्षणी दाढेस बारीक तडा गेलेला असतो. आरशात तो दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुखणेही थांबलेले असते. पुढे आठपंधरा दिवसांनी भाजलेले चणे चावताना पुन्हा तशीच कळ येते व नाहीशी होते. दुखणे थांबले म्हणजे दात बरा झाला, असा समज करून घेऊन माणूस स्वस्थ बसतो. वाचविता आली असती अशी दाढ काढून टाकण्याची वेळ कित्येकदा या समजुतीमुळेच येते. ती वेळ टाळावी कशी, हे येथे पाहावयाचे आहे.

दाताची घडण

दाताचे सर्वांत बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क. यासच डॉक्टर एनॅमल म्हणतात. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. वजनाने याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, आणि दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी सुमारे अडीच मिलिमीटर भरते. परंतु जे अतिशय कठीण ते बहुधा ठिसूळही असते. दंतवल्काच्या आत दंतिन नावाचा काहीसा लवचीक थर असतो. त्यात असंख्य सूक्ष्म नलिका असून त्यांत द्रव भरलेला असतो. सर्वांत आत दंतमज्जा असते. ती रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी युक्त असा दाताचा जिवंत गाभा होय.

हाड मोडले तर ते पुन्हा जुळून येते, कारण नवे हाड तयार करणाऱ्या पेशी तेथे जिवंत असतात. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येतानाच नष्ट होतात. दंतमज्जेतील पेशी आतल्या बाजूने थोडे दंतिन तयार करू शकतात. पण तडा सांधण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही. म्हणून तडकलेला दात आपोआप कधीही सांधत नाही. चर्वणाच्या प्रत्येक दाबाने तडा खोल जाण्याचा संभव मात्र असतो.

तडा का जातो

खडा, सुपारी, बर्फ, फळातील आठळी असा कठीण पदार्थ अवचित चावला जाणे हे एक कारण. झोपेत दात खाण्याची सवय हे दुसरे. तीत दातांवर रात्रीमागून रात्री मोठा दाब पडत राहतो. ज्या दाढेत मोठी चांदी किंवा अन्य भरण केलेले असते तिच्या उरलेल्या भिंती पातळ असल्यामुळे ती लवकर तडकते. पडणे, अपघात, चेंडूचा मार यांनी बहुधा समोरचे दात तुटतात. चाळिशीच्या पुढे हा विकार अधिक आढळतो व खालच्या दाढांना तो विशेषेकरून होतो.

लक्षणे

अमेरिकन दंतवैद्य कॅमेरॉन यांनी १९६४ साली या विकारास ‘तडकलेल्या दाताचा लक्षणसमूह’ असे नाव दिले. त्याची मुख्य खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे : विशिष्ट ठिकाणी चावले असता तीक्ष्ण सणक येते, आणि पुष्कळदा ती दाब देताना नव्हे, तर दाब सोडताना येते. चावताना तड्याच्या दोन्ही बाजू किंचित फाकतात व दाब सुटताच मिटतात. त्यासरशी नलिकांतील द्रव हिसकला जातो आणि दंतमज्जेस वेदना होते.

दुसरी खूण म्हणजे थंड पाण्याने त्या बाजूस कळ येणे. तिसरी खूण अशी, की दुखते खरे, परंतु नेमका दात दाखविता येत नाही. दंतमज्जेतील मज्जातंतू वेदना कळवितात. तिचे स्थान ते अचूक कळवीत नाहीत. कीड लागलेल्या दातात पुष्कळदा काळा खड्डा दिसतो; येथे दात वरकरणी धडधाकट असतो.

दंतवल्कावर दिसणारी प्रत्येक रेघ मात्र भयसूचक नसते. प्रौढांच्या समोरच्या दातांवर उभ्या बारीक रेघा सर्रास असतात. त्या दुखत नाहीत व त्यांस उपचाराची गरजही बहुधा नसते.

तातडीने काय करावे

१. कोमट पाण्याने हलक्या हाताने चूळ भरावी.
२. त्या बाजूने चावणे पूर्णपणे बंद करावे. मऊ व कोमट अन्न घ्यावे. दात तपासण्यासाठी मुद्दाम पुनःपुन्हा चावून पाहू नये.
३. मार लागून सूज आली असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून दहापंधरा मिनिटे धरावा.
४. वेदना फार असल्यास प्रौढ व्यक्तीने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी घ्यावी. दोन मात्रांमध्ये सहा तासांचे अंतर असावे. यकृताचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे.
५. दाताचा तुकडा पडला असेल तर तो दुधात ठेवून सोबत न्यावा. कित्येकदा तो पुन्हा चिकटविता येतो. तुकडा सापडला नाही व ओठ फाटलेला असेल, तर तो ओठात रुतला असण्याचा संभव डॉक्टरांच्या नजरेस आणावा.
६. कायमचा दात मुळासकट निखळून पडला असेल तर तो वरच्या भागाने धरावा, मुळास हात लावू नये. माती लागली असल्यास दुधाने क्षणभर धुऊन तो जागच्या जागी बसवावा व स्वच्छ रुमाल हळूच चावून धरावा. ते न जमल्यास दात दुधात ठेवून तत्काळ दवाखाना गाठावा. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा असतो. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये.

काय करू नये

दुखऱ्या हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. तिच्यामुळे हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाने ठणका काही वेळ बधिर होतो हे खरे, परंतु जास्त तेलानेही हिरडी पोळते; आणि त्याने तडा भरून येत नाही. प्रतिजैविक औषधे मनाने घेऊ नयेत, कारण तडा हा जंतूंचा रोग नव्हे. रस्त्यावरील किंवा अनधिकृत माणसाकडून दात काढवून घेऊ नये. नोंदणीकृत दंतवैद्य ओळखता यावा यासाठीच भारतात १९४८ सालच्या दंतवैद्य कायद्याने नोंदणीची पद्धत सुरू झाली.

दवाखान्यात काय होते

क्ष-किरण चित्रात तडा पुष्कळदा दिसत नाही, कारण किरणांच्या दिशेने तो आडवा असेल तर त्याची छाया पडत नाही. म्हणून ‘चित्र साफ आहे’ एवढ्यावर कोणी निर्धास्त होऊ नये. दंतवैद्य प्लास्टिकची छोटी पाचर एकेका उंचवट्यावर ठेवून चावावयास सांगतात, तीव्र प्रकाश दातातून पाठवितात किंवा निळा रंग लावतात. प्रकाश तड्यापाशी अडतो. रंग तड्यात मुरून रेघ उमटते.

तडा दाताच्या वरच्या भागापुरता असेल तर दातास पट्टी बांधून किंवा टोपी, म्हणजे कॅप, बसवून त्याच्या बाजू एकत्र आवळून धरल्या जातात. तडा दंतमज्जेपर्यंत पोहोचला असेल तर रूट कॅनालचा उपचार करून मग टोपी बसवावी लागते. दात दुभंगून तडा मुळापर्यंत गेला असेल तर मात्र तो बहुधा काढावाच लागतो. पहिल्या अवस्थेतून तिसऱ्या अवस्थेत जाण्यास जो काळ लागतो, तोच रुग्णाच्या हातातील काळ होय.

किती त्वरा करावी

थंड पाण्याची कळ काही क्षणांत थांबत असेल तर दंतमज्जा बहुधा अजून सावरण्याजोगी असते. एकदोन दिवसांत दंतवैद्यास दाखवावे. कळ मिनिटेच्या मिनिटे टिकत असेल, गरम पदार्थाने वाढत असेल किंवा रात्री आपोआप ठणका लागून झोप मोडत असेल, तर त्याच दिवशी जावे. चेहऱ्यावर वा मानेवर पसरणारी सूज, ताप, तोंड उघडण्यास, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास अडचण यांपैकी काहीही दिसल्यास ते जिवावरचे लक्षण समजावे व थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. डोक्यास मार लागून उलटी किंवा बेशुद्धी आली असल्यास दाताचा विचार नंतर करावा, रुग्णालय आधी गाठावे.

खर्चाच्या भीतीने अनेक जण थांबतात. शासकीय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे उपचार अल्प खर्चात मिळतात. वेळीच बसविलेल्या टोपीपेक्षा, दाढ गमावून तेथे कृत्रिम दात बसविणे पुष्कळदा महाग पडते, हेही विसरू नये.

सारांश, दुखणे थांबले एवढ्यावरून दात बरा झाला असे मानू नये. चावताना, विशेषतः दाब सोडताना, एकाच बाजूस दोनदा सणक आली, तर तिसरीची वाट न पाहता दंतवैद्याकडे जावे.