अनेक देण्यांची फेड : क्रम व नियोजन

सुगी पदरी पडताच जो धनको प्रथम दारी येईल त्यास पैसे द्यावयाचे, ही रीत शेतकऱ्यास महाग पडते. कोणाचे देणे आधी फेडावे हे तगाद्यावरून नव्हे, तर व्याजाचा दर व मुदत पाहून ठरवावे.

प्रथम सर्व देणी एका वहीत मांडावीत : मुद्दल, व्याज, मुदत व तारण. आलेल्या रकमेतून घरखर्च व पुढील पेरणीची तरतूद वेगळी काढावी. अन्यथा नवे कर्ज अटळ होते.

उदाहरणार्थ, ही तरतूद वजा जाता ७५,००० रुपये उरले. देणी अशी : सोसायटीचे वर्षाचे पीककर्ज ५०,०००, सावकाराचे व्याजासह २०,००० (दरमहा शेकडा ३), खतविक्रेत्याची बिनव्याजी उधारी १५,०००. तिघांस थोडे थोडे दिल्यास पीककर्ज थकते, सवलत बुडते व नवे कर्ज अडते. केंद्र शासनाच्या व्याज-सवलत योजनेत मुदतीत फेड केल्यास ७ ऐवजी ४ टक्के व्याज पडते. म्हणून सोसायटीत ५२,००० रुपये वेळेवर भरावेत. उरलेल्या २३,००० मधून सावकाराचे देणे पुरते फेडावे, कारण तेथे वर्षाला शेकडा ३६ व्याज चढते. विक्रेत्यास ३,००० देऊन बाकीचे १२,००० दुधाच्या पैशांतून दरमहा १,००० प्रमाणे देण्याचे लेखी ठरवावे.

सावकाराचा हिशेब मान्य करण्यापूर्वी त्याचा परवाना अवश्य पाहावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारकासही शासनाने ठरविलेल्या दराहून अधिक व्याज घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करावी. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवावी.