‘सोअर’ आणि ‘भरारी’ : एक शब्दार्थविचार

इंग्रजीतील ‘सोअर’ या क्रियापदाला मराठीत बहुधा ‘भरारी मारणे’ हा प्रतिशब्द दिला जातो. तो रूढ असला तरी काव्यानुवादात दर वेळी यथार्थ ठरतो काय, हा प्रश्न विचारणीय आहे.

‘सोअर’ हा शब्द चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधील ‘एसोरे’ या क्रियापदावरून इंग्रजीत आला. त्यामागे अभ्यासक ‘एक्साउरारे’ असे लोकलॅटिन रूप कल्पितात. ‘एक्स’ म्हणजे बाहेर व ‘आउरा’ म्हणजे वाऱ्याची झुळूक. अर्थात मूळ कल्पना ‘वाऱ्यावर सोडणे’ ही होय. आजच्या फ्रेंचमध्ये हेच क्रियापद ओल्या कपड्यांतील पाणी काढण्यासाठी योजतात, तर ‘एसोर’ या नामाचा अर्थ उड्डाण किंवा उत्कर्ष असा आहे. इंग्रजीत उंच उडणे आणि पंख न हलविता उंचावर विहरणे असे दोन्ही अर्थ स्थिरावले. लक्षणेने आशा, मनोरे व बाजारभावही त्याच क्रियापदाने उंचावतात.

‘भरारी’चे कूळ निराळे. ‘भर्रकन’, ‘भरभर’ या ध्वन्यनुकारी शब्दांशी तिचे नाते असून तीत पंखांचा आवाज व वेग आहे. ‘झेप’ लक्ष्याकडे जाते. ‘घिरटी’ वर्तुळ दाखविते, मात्र तिला भक्ष्यावरील नजरेची छटा चिकटली आहे. ‘उड्डाण’ हा ‘उद्’ उपसर्ग व ‘डी’ धातू यांपासून सिद्ध झालेला संस्कृत शब्द वर जाण्याची क्रिया सांगतो, रीत सांगत नाही.

हा भेद मालवणच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष पाहता येतो. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे किनाऱ्यालगतच्या उंचवट्यांना अडून वर चढतात. तापलेल्या कातळसड्यांवरूनही हवा वर उठते. ब्राह्मणी घार किंवा समुद्रगरुड या हवेवर पंख पसरून, ते फारसे न हलविता, उंच जातो. येथे ‘भरारी’ म्हटल्यास नसलेला आवाज ऐकू येतो. उलट मराठीत ‘वाऱ्यावर सोडणे’ म्हणजे निराधार करणे. ज्या कल्पनेतून फ्रेंच व इंग्रजी भाषांत उत्कर्षाचा अर्थ निघाला, तिच्यातून मराठीत अनाथपणाचा निघाला.

यावरून अनुवादकाला एक कसोटी मिळते : पक्ष्याला वर कोण नेते, पंख की वारा? ‘प्रतिभेची भरारी’ या रूढ प्रयोगात कवीचे स्वतःचे बळ सूचित होते. मूळ कवितेत बाहेरून लाभलेली प्रेरणा अभिप्रेत असल्यास तोच प्रयोग अर्थ उलटा करतो. अशा स्थळी ‘वाऱ्यावर विहरत वर चढणे’ हा लांब शब्दप्रयोगच अधिक प्रामाणिक ठरतो.