खालून फेकलेल्या चेंडूचा हिशेब

गोल बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून मालिशचे तेल घ्यावे, चार दिवस ते सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीच्या खांद्याला चोळावे, आणि गुण येत नाही असे दिसल्यावर मग दवाखान्याची पायरी चढावी, हा आमच्या रायपूरकर पालकांचा शिरस्ता आहे, आणि "डॉक्टरसाहेब, ही चेंडू खालून तर टाकते, मग खांदा दुखायचे कारणच काय?" हा प्रश्नही ठरलेला आहे.

प्रश्न गैर नाही. बेसबॉलमध्ये हात डोक्यावरून येतो, म्हणून त्याचा धोका सर्वांना दिसतो. उलट सॉफ्टबॉलचा पिचर रहाटाप्रमाणे हात पुरा फिरवून कमरेजवळून चेंडू सोडतो, आणि ही क्रिया दिसायला सौम्य असल्याने ती निरुपद्रवी असा समज अमेरिकेतही दीर्घकाळ रूढ होता. वस्तुतः हात वेगाने खाली येताना सांध्याला खोबणीतून बाहेर ओढणारे बल शरीराच्या वजनाच्या जवळपास जाते, आणि ते थोपविण्याचा मोठा भार दंडाच्या पुढल्या द्विशिर स्नायूवर पडतो. त्याची कंडरा खांद्याच्या पुढून जाते, सबब वेदनाही बहुधा तेथेच उमटते. शिवाय वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी असलेली कूर्चा अद्याप पक्की झालेली नसते.

परंतु दोष केवळ खांद्याचा मानू नये. चेंडूचा वेग पाय, नितंब व कंबर यांतून वर येतो, आणि तेथे कसूर झाली की तिची भरपाई खांद्याला करावी लागते. मुलीला आरशापुढे एका पायावर उभे करून गुडघा किंचित वाकवायला सांगा: गुडघा आत झुकला, किंवा कंबर एका बाजूस कलली, तर पिचिंगच्या आधी पायांचा व्यायाम हवा.

दुसरा दोष आयोजनाचा. संघात चांगली पिचर एकच असते आणि स्पर्धेतला प्रत्येक सामना तिच्याच माथी मारला जातो; प्रशिक्षकांना हे ठाऊक नसते असे नव्हे, जिंकण्याचा मोह आड येतो. तेव्हा सरावाचे धरून टाकलेल्या चेंडूंची नोंद पालकांनीच वहीत ठेवावी, दुसरी पिचर तयार करण्याचा आग्रह धरावा, आणि लागोपाठ तिसऱ्या दिवशी पिचिंग करू देऊ नये. तेलाला माझी हरकत नाही. मात्र वेदनाशामक गोळी देऊन मैदानात धाडण्यास सक्त हरकत आहे. विश्रांतीनंतरही दुखणे टिकले, रात्री झोपमोड झाली, हाताला मुंग्या आल्या अथवा वेग उगाच घटला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि जाताना ती वही बरोबर न्यावी.