गावाचे कवच

आषाढ लागला की रायगड जिल्ह्यातील रोहे तालुक्यात पावसाची झड सुरू होते. कुंडलिका नदी दुथडी भरून वाहू लागते. शेतकरी भाताच्या लावणीत गुंतून जातो. नदीकाठच्या धाटाव येथे एका बाजूस कारखान्यांची धुराडी आणि दुसऱ्या बाजूस हिरवीगार शेते असे दृश्य दिसते. याच दिवसांत परसात पडलेल्या करवंट्या, फुटके डबे, जुने टायर आणि उघडी पिंपे पावसाच्या पाण्याने भरतात. त्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात एका विशिष्ट डासाची पैदास होते. त्याच्या काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात, आणि तो रात्री नव्हे, तर दिवसाढवळ्या चावतो. त्याचे शास्त्रीय नाव एडिस इजिप्ती.

अशा दिवसांत आजी आणि नातू यांच्यामध्ये असा संवाद एखाद्या घरी सहज घडू शकेल. नातू शाळेतून येतो आणि म्हणतो, "आजी, गुरुजींनी सांगितले आहे, पिंपावर झाकण घालायचे, नाहीतर चिकुनगुन्याची साथ येते." आजी हसून म्हणते, "अरे, तो ताप आपल्याकडे मागेच येऊन गेला. महिनाभर मला जिना चढता येत नव्हता. एकदा येऊन गेलेला ताप पुन्हा कशाला येईल?" नातू क्षणभर विचार करतो आणि विचारतो, "आजी, तुला येऊन गेला. पण मला कुठे आला आहे?"

आजीचे म्हणणे खोटे नाही, आणि नातवाची शंकाही रास्त आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजण्यासाठी कोकणातून घाटावर, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी या गावी आणि काही वर्षे मागे जावे लागेल.

१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. अशा काळी मिळेल ते पाणी रांजणात, हौदात आणि पिंपात दिवसेंदिवस साठवून ठेवावे लागते. धाटावमध्ये डासाला जे आश्रयस्थान अतिवृष्टीमुळे लाभते, तेच दुष्काळी गावात पाण्याच्या टंचाईमुळे लाभते. १९७३ च्या मार्च महिन्यात बार्शीत तापाची मोठी साथ पसरली. रोग्याला एकाएकी ताप भरे, अंगावर पुरळ उठे आणि सांधे असे धरत, की धडधाकट माणसाला ताठ उभे राहणे कठीण होई. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या साथीची पाहणी केली. शेकडा ३७.५ लोक, म्हणजे दर आठ माणसांमागे तीन माणसे, आजारी पडल्याचे त्यांना आढळले. हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले होते. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते.

हा रोग चिकुनगुन्या होता. आफ्रिकेतील टांगानिका देशात, म्हणजे आजच्या टांझानियात, १९५२ साली आलेल्या साथीत तो प्रथम ओळखला गेला. त्याचे नावही तेथील माकोंडे लोकांच्या भाषेतून आले आहे. वेदनेने वाकून जाणे, असा त्याचा भाव आहे. भारतात १९६३ साली कोलकात्यात व त्यानंतर चेन्नई, नागपूर आदी शहरांत त्याच्या साथी आल्या. बार्शीची साथ ही त्या मालिकेतील अखेरची मोठी साथ ठरली. त्यानंतर सुमारे ३२ वर्षे देशात चिकुनगुन्याची मोठी साथ आली नाही.

साथ ओसरते ती का? आजार आला की शरीर स्वस्थ बसत नाही. रक्तामध्ये प्रतिपिंडे नावाचे सूक्ष्म पदार्थ तयार होतात. ते विषाणूला ओळखून निष्प्रभ करतात. चिकुनगुन्याच्या बाबतीत ही ओळख फार दीर्घकाळ टिकते. म्हणून एकदा बरा झालेला मनुष्य सहसा पुन्हा त्या रोगाला बळी पडत नाही. हे झाले एका माणसाचे रक्षण. परंतु अशी माणसे गावात पुष्कळ झाली, म्हणजे एक मोठी गोष्ट घडते. हा विषाणू रोग्याकडून निरोग्याकडे सरळ जात नाही. त्याला डासाचे वाहन लागते. डास तापाच्या पहिल्या काही दिवसांत रोग्याला चावला, तरच त्याच्या शरीरात विषाणू शिरतो. तेथे तो काही दिवस वाढतो आणि मगच पुढच्या माणसाला बाधतो. आता तो पुढचा माणूस आधीच आजारातून उठलेला असेल, तर डासाचा तो दंश वाया जातो. विषाणूची वाट तेथेच खुंटते. वाया जाणारे दंश वाढत गेले, की साथ मंदावते आणि जो कधीच आजारी पडला नाही, त्यालाही भोवतालच्या लोकांमुळे आपोआप संरक्षण मिळते. या संरक्षणाला सामूहिक प्रतिकारशक्ती असे म्हणतात. जणू साऱ्या गावाने मिळून अंगावर चढविलेले ते एक कवच होय.

हे कवच किती जाड असावे लागते, ते एका साध्या हिशेबाने कळेल. समजा, एखाद्या गावात एका रोग्यापासून डासांमार्फत चौघांना विषाणू पोहोचतो. गावात कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर एकाचे चार, चारांचे सोळा आणि सोळांचे चौसष्ट रोगी होतील. परंतु दर चार माणसांमागे तिघे सुरक्षित असतील, तर चार दंशांपैकी तीन वाया जातील व एकापासून एकच नवा रोगी होईल; साथ वाढणार नाही. तिघांहून अधिक सुरक्षित असतील, तर ती हळूहळू विझेल.

आता याच गावात डास दुप्पट झाले, असे धरा. एका रोग्यापासून विषाणू आठांपर्यंत पोहोचेल. दर चौघांमागे तिघे सुरक्षित असूनही आठांतून दोघे आजारी पडतील आणि साथ पुन्हा वाढू लागेल. कालपर्यंत पुरेसे असलेले कवच आज अपुरे पडेल. याउलट डास निम्मे झाले, तर विषाणू दोघांपर्यंतच जाईल आणि निम्मे लोक सुरक्षित असले, तरी साथीला आळा बसेल. अर्थात प्रत्यक्षात हे आकडे गावागणिक व ऋतूगणिक बदलतात; तथापि त्यातील तत्त्व बदलत नाही. गावाचे रक्षण दोन गोष्टींवर अवलंबून असते: माणसांच्या रक्तातील प्रतिकारशक्ती आणि घराभोवतालचे डास. यांपैकी दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे.

मग ३२ वर्षांनी काय झाले? २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेश, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांत चिकुनगुन्या पुन्हा अवतरला. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रोग्यांची नोंद झाली. त्यांतील अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते. या वेळचा विषाणू पूर्वीच्या साथीतील वंशाचा नसून पूर्व आफ्रिकेकडून आलेल्या वंशाचा आहे, असे पुण्याच्या संस्थेला आढळले. पण बाहेरून आलेली ठिणगी पेटण्यास वाळलेले गवत लागते. ते गवत दरम्यानच्या वर्षांत तयार झाले होते.

प्रतिकारशक्ती ही घर किंवा शेत यांसारखी वारशाने मिळत नाही. आईकडून बाळाला मिळणारी प्रतिपिंडे काही महिनेच टिकतात. त्यानंतर ते बाळ त्या रोगापुढे कोरी पाटी असते. १९७३ नंतर जन्मलेली पिढी अशी कोरी होती. जुनी माणसे एकेक करून निघून गेली, नवी बालके जन्मली, परगावचे लोक येऊन स्थायिक झाले आणि गावाचे कवच कोणाच्या नकळत विरत गेले. १९६३ ची साथ सोसलेल्या कोलकात्यात १९९४ साली काही लोकांचे रक्त तपासले, तेव्हा शंभरांपैकी सुमारे चौघांच्याच रक्तात चिकुनगुन्याची प्रतिपिंडे सापडली, आणि ती मुख्यतः वयस्क माणसांत होती. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर २००५-०६ च्या साथीत सुमारे एक तृतीयांश लोकांना हा रोग झाला होता. तेथेही जवळजवळ वीस वर्षांनी, २०२५ साली, पुन्हा मोठी साथ उसळली.

यावर कोणी म्हणेल, की साथ येऊ द्यावी, म्हणजे कवच आपोआप तयार होईल. हा विचार घातक आहे. असे कवच माणसांच्या वेदनांची किंमत देऊन मिळते. काहींचे सांधे महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे दुखत राहतात. मजुराची मजुरी बुडते. तान्ही मुले व वृद्ध यांच्या जिवाला धोका असतो. शिवाय हाच डास डेंग्यूचाही प्रसार करतो. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारचा डेंग्यू होऊन गेला, तरी उरलेल्या तिघांपासून कायमचे संरक्षण मिळत नाही; उलट दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू झाल्यास तो अधिक गंभीर होण्याची भीती असते. म्हणून 'एकदा ताप येऊन गेला' या समाधानावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

आजार न सोसता हे कवच मिळविण्याचा मार्ग म्हणजे लस. देवीच्या रोगाचे उच्चाटन लसीनेच झाले. १९८० साली सारे जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. पोलिओच्या बाबतीतही लसीमुळेच २०१४ साली भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. चिकुनगुन्यावरही शास्त्रज्ञांनी लसी तयार केल्या आहेत. परंतु आपल्या देशात घरोघरच्या बालकांना नेमाने दिल्या जाणाऱ्या लसींमध्ये तिचा समावेश झालेला नाही. तोवर दुसरा मार्गच प्रत्येकाने आपला मानला पाहिजे.

तो मार्ग अत्यंत साधा आहे. अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करावीत. यालाच कोरडा दिवस पाळणे म्हणतात. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्या स्थितीतही कित्येक महिने तग धरतात. जी टाकी रिकामी करता येत नाही, ती घट्ट झाकावी. उघड्या हौदात गप्पी मासे सोडावेत. टायर, करवंट्या आणि फुटकी भांडी यांची विल्हेवाट लावावी. हा डास फार दूर उडत नाही. त्यामुळे आपल्या आळीत चावणारा डास बहुधा आपल्याच आळीत जन्मलेला असतो. एका घराने पिंप झाकले आणि शेजारच्या घराने ते उघडे टाकले, तर दोन्ही घरे धोक्यात राहतात.

आजीच्या रक्तातील प्रतिपिंडे आजीचे रक्षण करतात आणि नातवालाही थोडा आडोसा देतात. परंतु तो आडोसा कायमचा नाही. आजीचे दुखणे नातवाच्या वाट्याला येऊ नये, असे वाटत असेल, तर दोघांनी मिळून पिंपावर झाकण घातले पाहिजे, आणि मग शेजाऱ्याच्या दारी जाऊन त्यालाही ते सांगितले पाहिजे. गावाचे कवच एकट्याने घडत नाही. ते सर्वांनी मिळून घडवावे लागते आणि प्रत्येक पावसाळ्यात नव्याने घडवावे लागते.

स्वाध्याय

१. आजीचे म्हणणे आणि नातवाची शंका या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
२. 'डासाचा दंश वाया जातो' म्हणजे काय होते?
३. बार्शीत दुष्काळात आणि धाटावमध्ये पावसाळ्यात डासांना आश्रय कसा मिळतो, ते सांगा.
४. एका रोग्यापासून विषाणू पाच जणांपर्यंत पोहोचत असेल, तर साथ वाढू नये म्हणून दर पाच माणसांमागे किती जण सुरक्षित असावे लागतील? हिशेब करून दाखवा.
५. आपल्या आळीत पाणी कोठे कोठे साचते, त्याची पाहणी करून यादी तयार करा.