वाद हवा, वितंडा नको

प्रश्न : आमच्या वाचनालयातली मासिक राजकीय चर्चा हल्ली हमरीतुमरीवर येते. राजकारण हा विषयच बंद करावा का?

उत्तर : विषय बंद करू नका, चर्चेची रीत बदला. मतभेद तीव्र असले की सभ्यता सुटतेच, हा समज खरा नाही. फाळणीच्या जखमा ताज्या असताना संविधान सभेत मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. तरीही काम तडीस गेले, कारण दुरुस्ती माणसाला नव्हे, कलमातल्या शब्दांना सुचवायची असते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी ह. वि. कामत, पंजाबराव देशमुख अशा ‘बंडखोर’ सभासदांचे ऋण मोकळेपणाने मानले. तुम्हीही चर्चा माणसावरून मुद्द्यावर आणा. ‘तुमचा पक्षच चोर’ म्हणणाऱ्याला थांबवा आणि ‘पाणीपट्टीवाढीच्या ठरावातला कोणता मुद्दा अमान्य, आणि का?’ असे विचारा. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत सांगायला लावा.

यावर कुणी म्हणेल, सभ्यतेच्या नावाखाली पिचलेल्यांचा संताप दाबला जातो. आक्षेप रास्त आहे. म्हणून नियम आवाजाच्या पट्टीवर नको, व्यक्तिगत चिखलफेकीवर हवा. संताप जरूर बोलू द्या. फक्त त्याचा रोख अन्यायावर राहू द्या. आणि नियम अध्यक्षांच्या मित्रांनाही तोच लावा, नाहीतर त्यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही.